पर्सनल स्टेटमेंटमधलं एक खोटं वाक्य

माझी धाकटी बहीण शुभा गेली, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं मला फोन केला होता. जबडा दुखतोय, डावा खांदा भरून आलाय, उगाच घाम फुटतोय, हे सगळं तिनं मला सांगितलं होतं. घरात सगळे समजतात की ती कोणाला काही बोलली नाही. तिची मुलगी केतकी तर हे इंग्रजीत लिहून अमेरिकेत डॉक्टरकी करायला गेली, आणि ते इंग्रजी मीच तपासून दिलं. शुभाला जाऊन आता सहा वर्षं होतील. बायकोलासुद्धा मी हे सांगितलेलं नाही.

संपादकांनी लेख मागितला तो माझ्या कामावर. "तुम्ही करता काय, हे आमच्या वाचकांना ठाऊकच नाही, जरा गमतीजमती लिहा," म्हणाले. गमती आहेत आणि त्या लिहितोही. पण वरचं लिहिल्याशिवाय पुढे हात चालेना, म्हणून ते आधी लिहून टाकलं.

आमच्या शहराच्या लष्कर भागात, दौलतगंजात, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर माझी एक खोली आहे. पाटीवर 'इंग्लिश टायपिंग, करेक्शन, जॉब वर्क' असं लिहिलंय. पूर्वी तिथं मी कोर्टाचे अर्ज आणि कॉलेजातल्या मुलांचे प्रबंध टाइप करत असे. मग एक दिवस मेडिकल कॉलेजचा एक मुलगा एक कागद घेऊन जिना चढून आला. "सर, इसको थोड़ा अच्छा कर दीजिए।" त्या कागदानं माझा धंदा बदलला.

तो कागद म्हणजे पर्सनल स्टेटमेंट. आपल्याकडे एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला अमेरिकेत पुढचं शिक्षण घ्यायचं असेल, तर आधी तिकडच्या परीक्षा द्याव्या लागतात आणि मग सप्टेंबरात वेगवेगळ्या हॉस्पिटलांना अर्ज पाठवावे लागतात. त्या शिक्षणाला रेसिडेन्सी म्हणतात. अर्जात गुण असतात, शिफारसपत्रं असतात, आणि एक पान असतं ज्यावर उमेदवारानं स्वतःबद्दल लिहायचं. मी कोण, मला हीच शाखा का हवी. तिकडे कोणीतरी दमलेला मोठा डॉक्टर ढिगातून ते पान उचलतो, वाचतो आणि या मुलाला मुलाखतीला बोलवायचं की नाही ते ठरवतो. मुलाखती हिवाळ्यात होतात आणि मार्चमध्ये निकाल लागतो. ज्याला जागा मिळाली तो 'मॅच' झाला.

नियमानं ते पान उमेदवारानं स्वतःच लिहायचं असतं. म्हणून मी 'लिहून देतो' असं कधी म्हणत नाही, 'बघून देतो' म्हणतो. आमचे पूर्वज दख्खनेतून इथं आले ते दरबारच्या दफ्तरात. दुसऱ्याच्या सहीनं जाणारी पत्रं लिहिणं हेच त्यांचं काम. तेव्हा घराणं अजून त्याच धंद्यात आहे म्हणायचं.

मुलं जे लिहून आणतात त्यात बहुधा पहिल्या ओळीत आजोबा मरतात आणि दुसऱ्या ओळीत नातू डॉक्टर व्हायचं ठरवतो. एकाला मी विचारलं, "दादाजी को हुआ क्या था?"

"पता नहीं सर, मैं दो साल का था।"

"और उसी दिन तय कर लिया?"

तो बिचारा हसला. आजोबांना आम्ही बाहेर काढलं.

माझी पद्धत तीन बैठकांची. पहिल्या बैठकीत नुसता चहा आणि गप्पा. दुसऱ्या बैठकीत मी एकच प्रश्न विचारतो: तुला न विसरता येणारा एक पेशंट सांग, आणि तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत सांग. ते शब्द मी वहीत जसेच्या तसे उतरवतो, मग ते बुंदेलीत असोत की भिंडच्या बोलीत. तिसरी बैठक फक्त खोडण्याची. 'पॅशन' हा शब्द दिसला की वाक्य जातं. विशेषणं जातात. 'कदाचित', 'मला वाटतं', 'बहुधा' जातात, कारण घाबरलेल्या माणसाला कोणी मुलाखतीला बोलवत नाही. हे मी मुलांना मोठ्या ऐटीत सांगतो.

आणि खरं सांगू, लोकांकडून लपवलेलं काढून घ्यायची मला चांगली हातोटी होती. मुरैन्याहून पवन नावाचा एक डॉक्टर आला होता. शिक्षण आणि अर्ज यांच्यामध्ये चार वर्षं कोरी. अशी कोरी वर्षं तिकडे लगेच डोळ्यांत खुपतात. त्यानं लिहिलं होतं, परीक्षेची तयारी करत होतो. दोन बैठका तो हेच सांगत राहिला. तिसऱ्या वेळी येताना गजकचा, म्हणजे तिळगुळाच्या कुरकुरीत वड्यांचा, डबा घेऊन आला. मी सहज म्हटलं, "अपनी दुकान की है?" तर त्याचं तोंड उतरलं.

वडिलांना अर्धांगवायू झाला होता. चार वर्षं हा एमबीबीएस डॉक्टर गजकच्या दुकानात गल्ल्यावर बसत होता. "सर, ये लिखेंगे तो हँसेंगे लोग।"

"तिथे बसून काय करायचास ते सांग."

तो म्हणाला, जुनी गिऱ्हाइकं यायची, त्यातली निम्मी मधुमेहाची. गजक द्यायच्या आधी तो त्यांना काउंटरमागे स्टुलावर बसवायचा आणि चपला काढायला लावायचा. तळपायाला कुठे जखम आहे का, बोट काळं पडतंय का, ते बघायचा. वडील अंथरुणातून ओरडायचे, "ग्राहक भगा रहा है!" एका हलवायाचा अंगठा त्यानं वेळेवर पाहिला होता.

ते पान मी फारसं सुधारलं नाही. फक्त 'तयारी' खोडली आणि गजकचं दुकान पहिल्या ओळीत आणलं. पवन मॅच झाला. पहिल्या पगारातून त्यानं मला पेन पाठवलं, ते मी वापरत नाही, नुसतं ठेवलंय.

शुभाला ही पानं ऐकायला फार आवडायची. नाव-गाव काढून मी तिला वाचून दाखवायचो, आधी इंग्रजीत, मग मराठीत समजावून. ती राहायची दर्पण कॉलनीत. बँकेतून निवृत्त झालेले विनायकराव आणि ती, दोघंच, कारण केतकी तेव्हा इंदूरला मेडिकलच्या होस्टेलवर होती. शनिवारी मी तिच्याकडे पोहे खायला जायचो. ती कढई हलवत हलवत ऐकायची आणि मधूनच म्हणायची, "हे वाक्य तू घातलंस ना, दादा? त्या पोरीचं नाही वाटत." आणि ते बरोबर असायचं.

ती गेली त्याच्या आदल्या वर्षी फरहीन नावाची एक मुलगी आली होती. तिचा पेशंट म्हणजे खेड्यातली एक म्हातारी. जबडा दुखतो म्हणून तिला दातांच्या विभागात पाठवलं होतं. तिथून कानाच्या, कानाच्या विभागातून परत दाताच्या. इंटर्न असलेल्या फरहीननं तिला विचारलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "बिटिया, दाढ़ नहीं है। भीतर से कोई रस्सी खींच रहा है।" फरहीननं ईसीजी काढायला लावला. तो हार्ट अटॅक होता. बायकांमध्ये तो पुष्कळदा असाच येतो, छातीत कळ न येता: जबडा, खांदा, पाठ, घाम, थकवा. हे मला फरहीननं नीट समजावलं आणि मी ते एका परिच्छेदात बसवलं. माझ्या हातून झालेल्या चांगल्या परिच्छेदांपैकी तो एक. शुभाला मी तो दोनदा वाचून दाखवला होता.

आता तो दिवस.

सप्टेंबरातला, अर्ज पोहोचवण्याचा शेवटचा दिवस. तसे अर्ज नंतरही जातात, पण त्या दिवशी तिकडची हॉस्पिटलं अर्ज उघडतात, आणि उशिरा आलेला अर्ज तळाला पडतो. समोर दोन मुलं बसली होती, तिसरा जिन्यात उभा होता. चारच्या सुमाराला शुभाचा फोन आला.

आधी ती परातीबद्दल बोलली. महालक्ष्म्यांना आमच्याकडची पितळी परात नेली होती, ती घेऊन जा म्हणाली. मग म्हणाली, "दादा, सकाळपासून जबडा दुखतोय रे. खांदा पण भरून आलाय. आणि काही काम न करता घाम फुटतोय."

मी स्क्रीनवरची नजर हलवली नाही. "दाढ असेल. लवंग धर."

"दाढ नाही वाटत." मग ती जरा हसूनच म्हणाली, "तुझ्या त्या म्हातारीसारखं तर नाही ना काही?"

मी काय म्हणालो ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. म्हणालो, "शुभे, तुला काही वाचून दाखवायची सोयच नाही. माझ्यापुढे मुलं बसलीत. अ‍ॅसिडिटीची गोळी घे आणि पड जरा. उद्या बघू."

"बरं," ती म्हणाली. "तू जेवलास ना?"

मी "हो" म्हणालो. जेवलो नव्हतो. फोन ठेवला. मुलांना म्हटलं, "बहन है मेरी, मेरे केस सुन-सुनकर आधी डॉक्टर हो गई है।" मुलं हसली. दोघंही डॉक्टर होती. मी त्यांना सांगितलं असतं, माझी बहीण असं असं म्हणतेय, तर दोघांपैकी एकजण नक्की उठला असता. दर्पण कॉलनी ऑटोनं किती लांब आहे हो?

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेची फुलं तोडताना शुभा अंगणात पडली. विनायकराव दवाखान्यात घेऊन गेले तेव्हा उशीर झाला होता. पन्नास वर्षांची होती.

तेराव्याच्या दिवशी विनायकराव माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या हातात शुभाचा मोबाइल होता. "दादा, आदल्या दिवशी तिनं तुम्हाला फोन केला होता. तीन मिनिटं. काही म्हणाली होती का?"

मी म्हणालो, "परात घेऊन जा म्हणत होती."

ते खरंच होतं. त्यांनी मान हलवली. डोळे पुसत म्हणाले, "मलाही काही बोलली नाही. संध्याकाळी भाजी निवडत बसली होती. कोणालाच काही बोलली नाही." तिथून ते वाक्य घरात रुजलं. येणाऱ्याजाणाऱ्याला सगळे तेच सांगायचे, आणि मी शेजारी बसून ऐकायचो. पहिल्या दिवशी सांगणं अवघड होतं. पुढे तर रोज आणखी एका दिवसाचा हिशेब द्यावा लागला असता.

तीन वर्षांनी केतकी इंटर्नशिप संपवून, तिकडच्या परीक्षा पास होऊन माझ्या खोलीत आली. गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली. "मामा, मला पण क्लायंटसारखंच ट्रीट कर हं. कोई रियायत नहीं. तीन बैठका म्हणजे तीन बैठका."

"चहा?"

"तो तर पहिल्या बैठकीत येतो ना? मला सगळं माहितेय. आईनं सांगितलंय."

पहिल्या बैठकीत आम्ही खूप हसलो. दुसऱ्या बैठकीला तिनं कच्चा मसुदा आणला. त्यात पेशंट नव्हता, आई होती. इंग्रजीत होतं ते, त्याचा अर्थ असा: 'माझी आई हृदयविकारानं गेली. तिला त्रास होत असणार, पण कदाचित तिला आम्हाला काळजीत टाकायचं नव्हतं. ती कोणाला काही बोलली नाही. मला असा डॉक्टर व्हायचंय, ज्याला न बोललेलंही ऐकू येईल.'

मी वाचलं. आणि मग, सवय काय असते बघा, माझ्या तोंडून नेहमीचा प्रश्न निघून गेला. "ती काय म्हणाली होती? तिचे शब्द?"

केतकीनं मसुद्यावर बोट ठेवलं. "वही तो बात है, मामा. काहीच नाही म्हणाली."

माझ्या समोर वही होती. दुसऱ्यांची तोंडं उघडायला मी इतकी वर्षं वापरलेली. मी वहीची पानं नीट केली आणि म्हणालो, "बरं. पुढे?"

तिसऱ्या बैठकीत मी खोडायला बसलो. विशेषणं खोडली. आणि 'कदाचित' खोडलं. ती म्हणाली, "ते राहू दे ना. मला खरंच माहीत नाही, तिला काय वाटत होतं." मी म्हणालो, "कदाचितनं वाक्य लुळं पडतं." तिनं ऐकलं. मामा या कामात तरबेज आहे, असं तिला वाटत होतं. सगळ्या पानात तिची शंका तेवढ्या एका शब्दात होती, आणि तिची शंका बरोबर होती. मी तो शब्द काढून खोटं आणखी पक्कं केलं.

मुलाखतींआधी मी मुलांची तालीम घेतो. मी तिकडचा डॉक्टर होऊन बसतो आणि आडवेतिडवे प्रश्न विचारतो. केतकीला विचारलं, "तुमच्या आईबद्दल लिहिलंय, त्यातून तुम्ही काय शिकलात?" तिनं इंग्रजीत छान सुरुवात केली. मध्येच थांबली, आणि मराठीत म्हणाली, "मामा, मी रोज संध्याकाळी आईला फोन करायची. त्या दिवशी नाही केला. दुसऱ्या दिवशी व्हायवा होती, वाचत बसले होते. केला असता तर तिचा आवाज ऐकून मला कळलं असतं. मी थर्ड इयरला होते, इतकं तर कळलं असतं ना? ती मला बोलली असती."

मी उठलो, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणालो, "नाही गं, कोणालाच कळलं नसतं."

हे मला सगळ्यात जड जातं. फोनवर जे झालं ते घाईत झालं, चूक म्हणता येईल. तेराव्याला मी घाबरलो, तेही ठीक, माणूस घाबरतो. पण केतकी माझ्या समोर बसून माझं ओझं स्वतःच्या नावावर सांगत होती आणि मी ते तिच्याकडे राहू दिलं. वर तिचं सांत्वनही केलं.

केतकी मॅच झाली. विनायकरावांनी सगळ्या कॉलनीत पेढे वाटले. मला दोन डबे दिले आणि म्हणाले, "दादा, हे तुमचंच यश." ते डबे मी जिना उतरून खालच्या मशीनवाल्याला देऊन टाकले. बायकोनं विचारलं, पेढे कुठेत? म्हटलं, जास्त गोड होते.

आता केतकीची तिकडे दोन वर्षं झाली. छोट्या गावातलं हॉस्पिटल आहे, बर्फ फार पडतं म्हणते. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करते. तिची मराठी आमच्या सगळ्यांसारखी, निम्मी हिंदी, आणि आता वरून अमेरिकन. मध्यंतरी हसत हसत सांगत होती, "मामा, इथले लोक मला चिडवतात. कोणी बाई दाढ दुखते म्हणून आली, मान अवघडली म्हणून आली, की मी ईसीजी लिहिलाच. सीनियर म्हणाला, यू कान्ट ईसीजी द होल टाउन." मग हसू थांबलं. "घरी आल्यावरपण डोक्यात तेच चालू राहतं. नर्सला फोन करून विचारते, ती बाई ठीक आहे ना. मला चांगलं नाही लागत, मामा. थकून जाते."

मी म्हणालो, "काम जास्त आहे, झोप घे." म्हणजे तिलाही मी गोळी घे आणि पड असंच म्हणालो.

आणि मागच्या आठवड्यात तिचा मेल आला. तिला आता पुढे हृदयरोगाचं खास शिक्षण घ्यायचंय. त्याला पुन्हा अर्ज, पुन्हा एक पान. तिनं जुना परिच्छेद वर चिकटवून पाठवलाय आणि खाली लिहिलंय, 'मामा, आईचा पॅरा असाच ठेवूया ना? यापेक्षा चांगलं मला लिहिता येणार नाही. तू बघून दे.'

आठ दिवस मी उत्तर दिलेलं नाही. असं कधी झालं नव्हतं, तिला मी त्याच दिवशी उत्तर देतो. काल तिचा मेसेज आला: 'मामा, तब्येत ठीक आहे ना? काही होत असेल तर सांग. लपवू नकोस.'

तो मेसेज वाचला आणि या लेखाला बसलो.

मला माहीत आहे, एवढ्या वाचकांना सांगणं हे एका केतकीला सांगण्यापेक्षा सोपं आहे. मी त्यातली पळवाट ओळखतो. इतकी वर्षं लोकांच्या पळवाटाच तर खोडत आलोय. म्हणून संपादकांना कळवलंय की येत्या रविवारनंतर माझा फोन आल्याशिवाय हा लेख छापू नका. रविवारी केतकीचा कॉल येईल तेव्हा विनायकरावांनाही इकडे बोलवून घेणार आहे, दोघांना एकाच वेळी सांगायचंय. त्यानंतर केतकी माझ्याशी बोलेल की नाही मला ठाऊक नाही. ते तिनं ठरवायचं. तिचं पान ती दुसऱ्या कोणाकडून बघून घेईल, किंवा स्वतःच लिहील. तिला लिहिता येतं. मुळातही माझी गरज नव्हती.

काय सांगायचं ते मी वहीत लिहून पाहिलं. पहिल्यांदा दोन पानं झाली. माझी घाई, समोरची मुलं, तो शेवटचा दिवस, सगळं त्यात आलं होतं. मग मी तिसऱ्या बैठकीला बसलो आणि खोडत गेलो.

खोडून जे उरलं, तेवढं केतकीला मी अजून देणं लागतो: तुझ्या आईला त्रास होत होता आणि तिनं तो सांगितला होता. मला सांगितला होता. मी तो हसण्यावारी नेला. तू त्या संध्याकाळी फोन केला नाहीस, त्यात तुझी काहीही चूक नाही.